घरचा साबण, आपल्या भागातली तेलं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपुरात मी घरी साबण करते आणि शिकवतेही. वर्गात, फोनवर, भाजी घेता घेता रस्त्यावरसुद्धा लोक जे प्रश्न विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. पहिल्यांदाच करणार असाल तर प्रश्न १ ते ४ वाचल्याशिवाय कॉस्टिक सोड्याची पिशवी उघडू नका.

१. ताई, घरी साबण होतो तरी कसा?

तेलात कॉस्टिक सोड्याचं पाणी मिसळलं की दोघांची रासायनिक क्रिया होते आणि साबण व ग्लिसरीन तयार होतं. गॅसवर उकळत बसायची गरज नाही. तेल कोमट करायचं, कॉस्टिकचं पाणी कोमट होऊ द्यायचं, दोन्ही एकत्र करून घोटायचं आणि पिठल्यासारखं दाट झालं की साच्यात ओतायचं. दुसऱ्या दिवशी वड्या पाडायच्या आणि मग निदान चार आठवडे मुरू द्यायच्या. कारखान्यात ग्लिसरीन बरेचदा वेगळं काढून घेतात. घरच्या साबणात ते आतच राहतं, म्हणून अंग कमी ओढल्यासारखं वाटतं.

२. कॉस्टिक न घालता करता येत नाही का? लेकराच्या अंगाला कॉस्टिक कसं लावायचं?

कॉस्टिकशिवाय साबण होत नाही. बाजारात ‘सोप बेस’च्या ज्या वड्या मिळतात, वितळवा आणि साच्यात ओता, त्यांच्यात कोणीतरी आधीच कॉस्टिकचं किंवा तशाच क्षाराचं काम केलेलं असतं. खायचा सोडा, धुण्याचा सोडा, पापडखार यांनी हे काम होत नाही. रिठा-शिकेकाईला फेस येतो, पण तो साबण नव्हे.

पण प्रमाण बरोबर असेल तर तयार वडीत कॉस्टिक उरत नाही, ते सगळं तेलात खर्ची पडतं. आपण तर मुद्दाम पाच टक्के तेल जास्तीचं राहील असाच हिशेब करतो. तान्ह्या बाळाला मात्र मी घरचा साबण द्या म्हणत नाही. साबण कितीही चांगला असला तरी क्षारीयच असतो, आणि बाळाची त्वचा फार नाजूक असते.

३. कॉस्टिक कोणतं घ्यायचं आणि हाताळायचं कसं?

रसायनांच्या दुकानात ‘कॉस्टिक फ्लेक्स’ मागा, शुद्धता ९८ टक्के किंवा वर. मोरी-नाली मोकळी करायच्या पावडरी घेऊ नका. त्यात इतर काहीबाही असतं, काहींत अॅल्युमिनियमचे तुकडेही असतात. पिशवी उघडली की फ्लेक्स हवेतलं पाणी शोषून चिकट होतात आणि वजनाचा हिशेब चुकतो. म्हणून घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात ठेवा, डब्यावर मोठ्या अक्षरात ‘विष’ लिहा आणि डबा मुलांच्या हाताला लागणार नाही इतक्या उंचावर ठेवा. साबुदाणा, मीठ यांच्या शेजारी तर कधीच नको.

भांडं स्टीलचं किंवा जाड प्लास्टिकचं हवं. जर्मनचा, म्हणजे अॅल्युमिनियमचा, गंज (पातेलं) अजिबात चालत नाही. कॉस्टिक अॅल्युमिनियमला खातं, आणि त्यातून निघणारा हायड्रोजन पेट घेणारा वायू आहे. हातमोजे, चष्मा, पूर्ण बाह्या आणि पायात बूट. चपलेवर उडालेला थेंब थेट पायावरच येतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. कॉस्टिक पाण्यात घालायचं, पाणी कॉस्टिकवर ओतायचं नाही. उलट केलं तर पाणी एकदम उकळून तोंडावर उडतं. थोडे थोडे फ्लेक्स पाण्यात सोडत हलवत राहा. पाणी आपोआप ८० अंशांच्या पुढे तापतं आणि घशाला झोंबणारी वाफ येते. हे काम गच्चीवर किंवा मागच्या अंगणात करा, वारा पाठीमागून येईल असं उभं राहून.

४. अंगावर उडालं तर काय करायचं? व्हिनेगर लावायचं ना?

व्हिनेगर नको, लिंबू नको, हळद नको. फक्त वाहतं पाणी, लगेच आणि भरपूर. आधी भिजलेला कपडा काढून टाका. डोळ्यात गेलं असेल तर पापण्या बोटांनी उघड्या धरून किमान २० मिनिटं पाण्याची धार सोडा आणि मग थेट डोळ्यांच्या डॉक्टरांकडे. ‘आता बरं वाटतंय’ म्हणून थांबायचं नाही, कॉस्टिक आत हळूहळू जाळत राहतं. कोणी चुकून प्यायलं तर उलटी करवू नका, दवाखान्यात न्या.

५. नागपुरात साबणासाठी कोणती तेलं घ्यावीत?

हा माझा आवडता प्रश्न आहे. साबणाच्या बहुतेक कृतींत ऑलिव्ह आणि शिया बटर असतं. ही दोन्ही इथली नाहीत आणि महागही आहेत. विदर्भात त्यांची जागा घेणारं बरंच काही आहे.

मोहाचं तेल या भागातलं साबणाचं सोनं आहे. भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर इथल्या जंगलपट्ट्यात फुलं मार्च-एप्रिलमध्ये वेचतात आणि बिया, म्हणजे टोळी, पावसाळ्याच्या तोंडावर. या तेलात घट्टपणा देणारे घटक आणि मऊपणा देणारे घटक दोन्ही आहेत, त्यामुळे वडी कडक होते आणि फेस सायीसारखा येतो. गावात ते खातात, दिव्यात घालतात, अंगालाही लावतात. वास थोडा उग्र असतो, पण मुरताना बराच कमी होतो.

जवस घराघरात चटणीसाठी असतंच. नागपूरच्या कृषी महाविद्यालयात जवसाच्या वाणांवर वर्षानुवर्षं काम झालं आहे, इतकं हे पीक आपलं आहे. पण साबणात ते जपून वापरावं लागतं (प्रश्न १३ पाहा). तीळ आणि शेंगदाणा मऊ साबण देतात. एकटे वापरले तर वडी लिबलिबीत होते, मिश्रणात उत्तम. सरकीचं तेल कापसाच्या पट्ट्यात मिळतं आणि फेस टिकवतं, मात्र १० ते १५ टक्क्यांवर गेलात तर साबण लवकर खवट होतो. करंज आणि कडुनिंब १० टक्क्यांपर्यंतच, वासामुळे. एरंडेल पाच टक्के घाला, फेस दाट होतो.

खोबरेल तेवढं बाहेरून येतं, दक्षिणेतून. ते पूर्ण टाळता येईल का, हे मी दोन वर्षं करून पाहिलं. साबण होतो, पण आपल्याकडच्या बोअरच्या जड पाण्यात फेस धरत नाही. म्हणून ३० टक्के खोबरेल मी ठेवते. त्याच्यावर गेलं की त्वचा कोरडी पडते.

घाणीवर काढलेलंच तेल हवं का, असंही विचारतात. साबण रिफाइंड तेलाचाही होतो, यात दुमत नाही. मी घाणीचं घेते कारण ते कोणत्या गावच्या बियांचं आहे हे मला घाणीवाल्यांकडून कळतं आणि पैसाही तिथेच राहतो. आपल्या शेजारी वर्ध्यात १९३४ साली अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ सुरू झाला. तिथल्या मगनवाडीत सुधारलेली बैलघाणी ‘मगनवाडी घाणी’ म्हणून देशभर गेली. नागपुरातच लक्ष्मीनारायण तंत्रज्ञान संस्थेत तेल तंत्रज्ञान हा स्वतंत्र विषय शिकवतात. तेलाचं ज्ञान या मातीत आहे, ते आपल्या मोरीतल्या साबणापर्यंत यावं असं मला मनापासून वाटतं.

६. मोहाचं तेल बाटलीत गोठलं, खाली रवाळ गाळ बसला. खराब झालं का?

नाही. डिसेंबरात ते तुपासारखं थिजतं, ही त्याची प्रकृती आहे. चूक पुढे होते. लोक वरचं पातळ तेल ओतून घेतात आणि घट्ट भाग बाटलीतच ठेवतात. मग पहिली खेप मऊ होते आणि शेवटची दगडासारखी. पूर्ण बाटली गरम पाण्यात उभी करून सगळं वितळू द्या, नीट हलवा आणि मगच मोजा.

जुन्या बियांच्या तेलात आंबटपणा वाढलेला असतो. असं तेल कॉस्टिकचं पाणी पडताच मिनिटा-दोन मिनिटांत घट्ट होतं. साचा आधीच तयार ठेवा.

७. सुरुवातीसाठी एक पक्कं प्रमाण द्या.

मी वर्गात हेच देते. एकूण तेल १ किलो :

मोहाचं ३५० ग्रॅम, खोबरेल ३०० ग्रॅम, शेंगदाण्याचं २०० ग्रॅम, निंबोळीचं १०० ग्रॅम, एरंडेल ५० ग्रॅम. कॉस्टिक १४३ ग्रॅम. पाणी २८६ ग्रॅम.

निंबोळीचा वास नको असेल तर ते काढून शेंगदाण्याचं ३०० करा. कॉस्टिक तेवढंच राहू द्या, फरक नगण्य आहे. १ ग्रॅमपर्यंत दाखवणारा वजनकाटा नसेल तर आधी काटा घ्या, साबण नंतर करा. तेल आणि कॉस्टिकचं पाणी, दोन्ही ४० अंशांच्या आसपास असावीत. वाटीच्या बाहेरून हात लावल्यावर कोमट लागलं की समजा झालं. थर्मामीटर असेल तर उत्तमच. हँड ब्लेंडर थांबून थांबून फिरवा. वर उचलल्यावर पडणारी धार पृष्ठभागावर रेघेसारखी दिसत राहिली की ओता.

८. माझ्याकडे यातलं एक तेल नाही. तेवढंच दुसरं घातलं तर?

प्रत्येक तेलाला कॉस्टिक वेगवेगळं लागतं, म्हणून हिशेब पुन्हा मांडावा लागतो. १ ग्रॅम खोबरेलाला साधारण ०.१८३ ग्रॅम, मोहाला ०.१३७, शेंगदाण्याला ०.१३६, तिळाला ०.१३४, जवसाला ०.१३५, निंबोळीला ०.१३९, करंजाला ०.१३१, एरंडेलाला ०.१२८. प्रत्येक तेलाचं वजन त्याच्या आकड्याने गुणा, बेरीज करा आणि आलेल्या उत्तरातून पाच टक्के वजा करा. वरच्या प्रमाणात बेरीज १५०.३५ येते, पाच टक्के गेले की १४३.

म्हणजे शेंगदाण्याच्या जागी तीळ चालून जाईल. पण खोबरेलाच्या जागी तीळ घातलं आणि कॉस्टिक तेवढंच ठेवलं तर १०० ग्रॅममागे जवळजवळ ५ ग्रॅम कॉस्टिक मोकळं राहील. असा साबण अंग भाजतो.

९. १ लिटर तेल म्हणजे १ किलोच ना?

नाही! तेल पाण्यापेक्षा हलकं असतं. १ लिटरच्या पाकिटावर बारीक अक्षरात ‘९१० ग्रॅम’ छापलेलं असतं, पाहा. लिटरला किलो धरून कॉस्टिक घातलं की ते जवळजवळ दहा टक्के जास्त होतं, आणि आपलं पाच टक्क्यांचं संरक्षण तिथेच संपतं. ‘साबण लावला की अंग चरचरतं’ म्हणून येणाऱ्या निम्म्या तक्रारींचं मूळ हेच निघतं. पाणीसुद्धा वजनानेच मोजा.

१०. पाणी नळाचं चालेल की बोअरचं?

बोअरचं नको. त्यातल्या कॅल्शियमने चुन्यासारखा साका होतो आणि फेस कमी येतो. आरओचं पाणी चालतं. बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर सगळ्यात बरं, पण त्यात आम्ल मिसळलेलं नाही ना, हे विचारून घ्या.

११. मे महिन्यात साबण करू की नको?

करा, पण पहाटे. नागपूरच्या उन्हाळ्याचे नियम वेगळे. पारा ४५ च्या वर असतो तेव्हा डब्यातलं तेल आधीच ४० अंशांवर असतं. त्यात तापलेलं कॉस्टिकचं पाणी घातलं की क्रिया भराभर होते, तिची स्वतःची उष्णता वाढत जाते, आणि साबण साच्यातून फुगून बाहेर येतो.

नवतपातल्या एका दुपारी माझ्या हातून हे झालं आहे. दोन किलोची खेप होती, त्यात मी मध घातला होता, आणि वर सवयीने साचा चादरीत गुंडाळून ठेवला. वीस मिनिटांनी पाहते तर मधोमध चीर पडून आतला लगदा उकळ्या फुटल्यासारखा ओट्यावरून खाली येत होता. नशिबाने मी हातमोजे काढले नव्हते. तो सगळा लगदा सराट्याने गोळा करून प्लास्टिकच्या बादलीत भरला आणि फरशी पाण्याने पाच वेळा धुतली.

तेव्हापासून उन्हाळ्यात मी अर्ध्या पाण्याचा बर्फ करून त्यात कॉस्टिक विरघळवते, मध, साखर किंवा दूध अजिबात घालत नाही, आणि साचा न गुंडाळता उघडा, जाळीवर ठेवते. एक किलोवर खेप नाही. हिवाळ्यात उलट, तेव्हा साचा जुन्या शालीत गुंडाळावा लागतो, नाहीतर वडी कडेला पांढरट आणि भुसभुशीत होते.

१२. साबण तयार झाला हे कसं ओळखायचं? चार आठवडे थांबायलाच हवं का?

दुसऱ्या दिवशी वड्या पाडल्या तरी क्रिया थोडी बाकी असते, आणि पाणी तर भरपूर असतं. चार आठवड्यांत वडी हलकी होते, कडक होते, फेसही सुधारतो. एक वडी दर आठवड्याला काट्यावर ठेवा आणि वजन लिहून ठेवा. वजन उतरायचं थांबलं की साबण मुरला. जवस, तीळ जास्त असेल तर सहा आठवडे.

कॉस्टिक उरलंय का हे पाहायला ओलं बोट वडीवर फिरवून जिभेच्या टोकाला लावा. नुसती साबणाची चव आली तर ठीक, बॅटरीला जीभ लावल्यासारखा झटका बसला तर ती वडी वापरायची नाही (प्रश्न १९ पाहा). हळदीची परीक्षा इथे कामाची नाही. कोणत्याही खऱ्या साबणाने हळद लाल होते, चांगल्याही आणि वाईटही.

१३. महिनाभराने वडीवर नारिंगी ठिपके आले आणि तेलकट वास येतो. काय चुकलं?

तेल खवट झालं. बहुतेक वेळा जवस जास्त झालेलं असतं. ज्या गुणामुळे जवसाचं तेल रंगात आणि वार्निशमध्ये वापरतात, म्हणजे हवा लागून सुकणं, तोच साबणात दोष ठरतो. पाच टक्क्यांच्या वर जाऊ नका, आणि तेल ताजं घ्या. लोखंडी तारेच्या जाळीवर वड्या ठेवल्या तरी ठिपके येतात, त्यामुळे बांबूची टोपली किंवा सुती कापड बरं. ठिपकेवाला साबण विषारी नसतो. भांड्यांना, मोरीला वापरून टाका.

१४. साबणाला घाम सुटतो, असं का?

आतलं ग्लिसरीन हवेतलं पाणी ओढून घेतं. जुलै-ऑगस्टमध्ये हे सगळ्यांकडे होतं. पण मला मे महिन्यातही फोन येतात, आणि विचारलं की कळतं, वड्या कूलरच्या झोताखाली ठेवल्या आहेत. कूलरचा वारा गार असतो पण ओला असतो. वड्या कूलर नसलेल्या खोलीत, साध्या पंख्याखाली ठेवा. घाम पुसत बसू नका, हवा कोरडी झाली की तो आपोआप जातो.

१५. संत्र्याची साल, संत्र्याचा रस, हळद घालता येईल का?

नागपुरात हा प्रश्न न येता कसा राहील! साल सावलीत कडकडीत वाळवून दळा आणि मैद्याच्या चाळणीतून गाळा. किलोभर तेलाला एक मोठा चमचा पुरे. जाड राहिली तर अंगाला ओरखडे उठतात. रंग नारिंगी राहत नाही, विटकरी-तपकिरी होतो, आणि वास जवळपास उडून जातो. रस घालू नका, त्यातली साखर तापते (प्रश्न ११) आणि आम्ल कॉस्टिक खातं. आंबिया बहाराची संत्री घरात आली की साली फेकू नका, वर्षभर पुरतात. हळदीचा रंग आधी लालसर येतो आणि उजेडात फिका पडतो.

१६. कृषी केंद्रातलं निंबोळी तेल स्वस्त मिळतं, ते चालेल?

बाटली नीट वाचा. ‘अझाडिरॅक्टिन’ आणि ‘पीपीएम’ लिहिलेलं असेल तर ते फवारणीचं औषध आहे. तेल पाण्यात मिसळावं म्हणून त्यात दुसरी द्रव्यं घातलेली असतात. अंगाच्या साबणात ते नको. एका दुकानात मला हेच ‘शुद्ध निंबोळी’ म्हणून दिलं होतं. एक थेंब पेल्यातल्या पाण्यात टाकला, तर पाणी ताकासारखं पांढरं झालं. शुद्ध तेल वर तरंगतं.

१७. तळणीच्या उरलेल्या तेलाचा साबण होतो का?

उत्तम होतो, कपडे आणि भांड्यांसाठी. दिवाळीनंतर तर आवर्जून करा. तेल कपड्यातून दोनदा गाळा. शेंगदाणा किंवा सोयाबीनच्या १ किलो तेलाला कॉस्टिक १३० ग्रॅम, पाणी २६० ग्रॅम. वापरलेलं तेल लवकर घट्ट होतं, तयारीत राहा. एकट्या या तेलाची वडी मऊच होते, सहा आठवडे मुरू द्या.

१८. निंबाच्या साबणाने खाज, मुरुम बरे होतात का? आणि विकायचा असेल तर परवाना लागतो का?

साबणाचं काम मळ काढणं. मी कोणालाही ‘अमुक रोग बरा होतो’ असं सांगत नाही, तुम्हीही वेष्टनावर लिहू नका. खाज हटत नसेल तर त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा.

घरात वापरायला, भावा-बहिणींना द्यायला परवाना नको. पण विकायचा झाला की अंगाचा साबण सौंदर्यप्रसाधन ठरतो आणि १९४० चा औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, तसेच २०२० चे सौंदर्यप्रसाधन नियम लागू होतात. उत्पादनाचा परवाना राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडून घ्यावा लागतो, आणि त्यासाठी जागा, यंत्रसामग्री, जाणकार माणूस यांच्या अटी आहेत. वेष्टनावर निव्वळ वजन, किंमत, तारीख, बनवणाऱ्याचा पत्ता हवाच. वजन मुरल्यानंतरचं लिहा. पहिल्या दिवशीची १०० ग्रॅमची वडी महिन्याने तेवढी भरत नाही, आणि गिऱ्हाईक काट्यावर ठेवतंच. ‘घरगुती आहे, कोण विचारतं’ म्हणून प्रदर्शनात मांडणाऱ्या भगिनींना माझी कळकळीची विनंती, हे आधी करा.

१९. खेप बिघडली. फेकू का?

थांबा. कॉस्टिक कमी पडून तेल वर तरंगत असेल, वडी ठिसूळ झाली असेल किंवा जिभेला झटका बसत असेल, तर आधी लिहून ठेवलेली वजनं पुन्हा तपासा. चूक सापडली तर साबण किसा. हातमोजे घालूनच. किसलेला साबण स्टीलच्या गंजात घ्या, किलोला पाव वाटी पाणी शिंपडा आणि गंज उकळत्या पाण्याच्या मोठ्या पातेल्यात ठेवून मंद आचेवर वितळवा. कॉस्टिक जास्त झालं असेल तर हिशेबाने कमी पडलेलं तेल घाला, कमी झालं असेल तर तेवढं कॉस्टिक आधी पाण्यात विरघळवून घाला. तासाभरात ते शिजलेल्या बटाट्याच्या लगद्यासारखं, पण अर्धवट पारदर्शक दिसायला लागतं. साच्यात दाबून भरा, हवेचे पोकळ कप्पे राहू देऊ नका. वडी दिसायला ओबडधोबड होते, वापरायला चांगली असते.

चूक कुठे झाली हेच कळत नसेल, वजनं लिहिलेलीच नसतील, तर मात्र ती खेप अंगाला लावू नका. दोन महिने तशीच ठेवा आणि हातमोजे घालून मोरी घासायला वापरा.